ऑस्वी राजाचे व्हिटबीकर वकील

आमच्या घरमालकांचा राजा साडेतेराशे वर्षांपूर्वी वारला होता, पण त्यांच्या घरातलं त्याचं सुतक काही फिटत नव्हतं. राजाचं नाव ऑस्वी. इंग्लंडच्या उत्तरेला नॉर्थम्ब्रिया नावाचं राज्य होतं, तिथे तो सातव्या शतकात गादीवर होता. हे मला कॅनडातल्या व्हिटबीत बेसमेंट भाड्याने घ्यायला गेले त्या पहिल्याच दिवशी कळलं. काकांनी ना माझी नोकरी विचारली, ना आधीच्या घरमालकाचं पत्र मागितलं. समोर बसवलं आणि विचारलं, "ऑस्वी माहीत आहे?"

मी नागपूरची. मला वाटलं, ओळख निघतेय. म्हटलं, "हो तर! ओसवाल आमच्या शेजारीच राहायचे. फार चांगले लोक."

काकांनी डोळे मिटले. आतल्या भांड्यांचा आवाज थांबला आणि कोणीतरी हसू दाबल्यासारखं खोकलं. त्या काकू. बेसमेंट मला मिळालं ते बहुतेक त्या खोकल्यामुळे.

काका अणुवीज केंद्रातून रिटायर झालेले इंजिनिअर. सत्तरच्या दशकात पुण्याहून आले, तेव्हा म्हणे टोरांटोत कोथिंबीर दिसली तर लोक एकमेकांना फोन करायचे. मी राहायला गेले तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. अंगाने लहानखुरे, पण खुर्चीत असे बसत की खुर्ची आपोआप सिंहासन वाटे. रिटायर झाल्यावर लोक गोल्फ खेळतात, थंडीत फ्लोरिडाला जातात. काकांना राजा सापडला, आणि तोही गावाच्या नावावरून. इंग्लंडात समुद्राकाठी एक व्हिटबी आहे. तिथल्या मठात ऑस्वीने सगळ्या धर्मगुरूंना जमवून एक मोठी परिषद भरवली होती. इकडे आलेल्या गोऱ्यांनी मागच्या गावांची आठवण म्हणून तीच नावं इथे लावली, आपण बंगल्याला 'सह्याद्री' म्हणतो तसं. एवढाच संबंध. पण काका त्या परिषदेबद्दल बोलताना 'आपल्या गावात' म्हणत. "आपल्या गावात निकाल लागला," असं ते ठासून सांगत, आणि नवख्या माणसाला वाटे, गेल्या आठवड्यात कम्युनिटी सेंटरमध्ये काहीतरी भानगड झालेली दिसते. लेक ऑन्टारियोला ते समुद्र म्हणत. एकदा कोणीतरी हळूच म्हणालं, "पण काका, पाणी गोडं आहे." काका म्हणाले, "आत्ता गोडं आहे."

परिषदेचा विषय साधा होता. ईस्टर कधी करायचा? आयर्लंडकडचे साधू एक गणित मांडत, रोमकडचे दुसरं. राजा लहानपणी परागंदा होऊन आयरिश साधूंच्यात वाढलेला, त्यामुळे तो त्यांचं गणित पाळे. राणी दक्षिणेत वाढलेली, ती रोमचं. परिणाम असा, की एकाच राजवाड्यात राजाचा उपास संपून मेजवानी झडत असे आणि राणी अजून उपाशी. शेवटी राजाने दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, स्वर्गाच्या चाव्या कोणाकडे आहेत? रोमवाले म्हणाले, संत पीटरकडे. आयरिश साधूंनाही ते कबूल करावं लागलं. राजा हसून म्हणाला, मग मी त्याच्याशी वाकडं घेत नाही. उद्या मी दाराशी गेलो आणि त्याने उघडलंच नाही तर काय करू? झाला निकाल. आयरिश साधूंचा प्रमुख आपली माणसं घेऊन कायमचा निघून गेला.

हे काका आठवड्यातून एकदा तरी सांगत, आणि घरही याच पद्धतीने चालवत. पहिल्या जानेवारीत बेसमेंटमध्ये माझी बोटं कीबोर्डवर वळेनात, म्हणून मी वर जाऊन तक्रार केली. काकांनी तत्काळ डायनिंग टेबलावर परिषद भरवली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला काकू. काकूंचं काहीच म्हणणं नव्हतं, पण परिषदेला दुसरी बाजू लागते. काकांनी वीस मिनिटं माझं म्हणणं मान हलवत ऐकलं, मधूनमधून टिपणं घेतली, आणि एकोणीस डिग्री असा निकाल दिला. थर्मोस्टॅट आधीपासून एकोणीसवरच होता. त्याच्यावर प्लॅस्टिकची पेटी होती, पेटीला कुलूप होतं, आणि चावी कोणाकडे आहे हे विचारायची मला गरज पडली नाही. काका राजासारखे हसत होते.

"स्वेटर देते," काकू म्हणाल्या. काकूंची दोन स्वेटरं आजही माझ्याकडे आहेत.

बर्फ पडलं की मी ड्राइव्हवे शोव्हल करायचा, हे भाडेकरारात होतं. करारात नव्हतं ते काकांचं खिडकीतलं व्याख्यान. ऑस्वीचा एक शत्रू होता, म्हातारा, दांडगा. त्याने ऑस्वीच्या भावाला मारून त्याचं मुंडकं आणि हात खांबावर टांगले होते. त्या शत्रूची प्रचंड फौज चालून आली तेव्हा ऑस्वीकडे मूठभर माणसं होती, तरी तो जिंकला. मी एकटी, समोर चाळीस फूट बर्फ, आणि खिडकी दोन बोटं उघडून काका ओरडत, "संख्येवर काही नसतं! जिद्दीवर असतं!"

मी एकदा फावडं टेकून विचारलं, "काका, राजा स्वतः लढला होता ना पण?"

खिडकी बंद झाली.

राजाचा नवस सांगताना मात्र काकांचा आवाज खरंच मऊ व्हायचा. त्या लढाईआधी ऑस्वी देवाला म्हणाला होता, जिंकलो तर माझी मुलगी तुला देईन. मुलगी तेव्हा जेमतेम वर्षाची. तिला मठात दिली, आणि ती तिथेच वाढली, तिथेच म्हातारी झाली. काकांचीही एकच मुलगी, ती सिएटलला. फोनवर ती "हाय बाबा, इज आई देअर?" एवढंच म्हणे, आणि ते फोन देऊन टाकत. नवसाची गोष्ट सांगून झाली की ते एकदा फोनकडे बघत. मी त्यांची इतकी टिंगल करते, ती करायचा हक्क राहावा म्हणून हेही सांगून ठेवते.

आता एकादशी. काकूंच्या स्वयंपाकघरात पुण्याहून येणारं भिंतीवरचं कॅलेंडर होतं, आणि त्यात ज्या दिवशी एकादशी लिहिली असेल त्या दिवशी त्या उपास करत. काकांना हे मान्य नव्हतं. तिथी स्थानिक सूर्योदयावर ठरते, व्हिटबीचा सूर्योदय वेगळा, म्हणून त्यांनी एक्सेलमध्ये स्वतःचं पंचांग बनवलं होतं. कित्येकदा त्यांची एकादशी काकूंच्या एक दिवस आधी यायची. मग मंगळवारी काकांचा उपास, बुधवारी काकूंचा. बुधवारी काकांचं पारणं, म्हणजे पुऱ्या आणि श्रीखंड. ते टेबलावर बसून आनंदाने म्हणत, "बघ, बघ! राजाची मेजवानी आणि राणी उपाशी! हुबेहूब!"

पुऱ्या उपाशी राणीच तळत होती. एवढा तपशील त्यांच्या लक्षात येत नसे.

आणि गंमत अशी, की हाच सूर्योदयाचा पुजारी मराठी मंडळात मात्र गुढीपाडवा शनिवारीच घ्यायचा या मताचा होता, पाडवा बुधवारी का असेना. हॉलची गोष्ट आली की शनिवार, स्वयंपाकघराची गोष्ट आली की सूर्योदय. हे मी काकूंजवळ बोलले तेव्हा त्या कणीक मळत होत्या. म्हणाल्या, "त्या शनिवारापायी माझं माहेर गेलं." आणि कणकेचा गोळा झाकून ठेवला.

त्याचा अर्थ भाऊबीजेला कळला. वॉशर आणि ड्रायर खाली माझ्या खोलीलगत होते. दुपारी काकू कपड्यांची बास्केट घेऊन खाली आल्या, मशीनच्या खोलीत शिरल्या, दार लोटून घेतलं. मी कपडे टाकायला गेले तर त्या उलट्या बादलीवर बसून फोनवर बोलत होत्या, आणि बास्केट रिकामी होती.

"दादा, तू जेवलास का?" एवढं ऐकलं आणि मी मागे फिरले. फोन झाल्यावर त्यांनीच हाक मारली.

दादा म्हणजे काकूंचा मावसभाऊ. सख्ख्यापेक्षा जवळचा. तो आणि काका एकाच वर्षी कॅनडात आले, स्कार्बरोत एका खोलीत राहिले, एकच हिवाळी कोट पाळीपाळीने वापरला. काकांचं लग्नही दादानेच जमवलं. "मला पत्र आलं," काकू म्हणाल्या, "की मुलगा हुशार आहे, निर्व्यसनी आहे, जरा जास्त बोलतो." दोघांनी मिळून मंडळ काढलं. दादा उंच, देखणा, लोकांना धरून राहणारा. वर्षानुवर्षं तोच अध्यक्ष. त्याचं म्हणणं, सण तिथीलाच करायचा. कामाच्या दिवशी आला तर संध्याकाळी या, दहा माणसं आली तरी चालतील. काकांचं म्हणणं, शनिवार.

वीसेक वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मंडळाची वार्षिक सभा होती. निवडणूक होती. सकाळी काकांनी दादाला फोन केला: "हायवेवर भयंकर बर्फ आहे, सभा पुढे ढकललीय, तू निघू नकोस." फोन ठेवला, कोट घातला, आणि स्वतः सभेला गेले. दादाच्या गैरहजेरीत काका अध्यक्ष झाले.

"बर्फ होतं?" मी विचारलं.

"ऊन होतं," काकू म्हणाल्या. "मी अंगणात गाद्या घातल्या होत्या."

दादाने नंतर कधी जाब विचारला नाही, आणि घरी पाऊलही टाकलं नाही. काही वर्षांनी तो मुलाकडे राहायला गेला, व्हँकुव्हरजवळ कोक्विटलामला. काका अडीच वर्षं अध्यक्ष होते. मग त्यांनाही कोणीतरी काढलं. पण काकूंनी दादाशी बोलणं त्यांना खपत नसे, म्हणून भाऊबीज वॉशरशेजारी.

"तुम्ही काही म्हणाला नाहीत काकांना?"

"विचारलं ना त्याच संध्याकाळी. म्हणाले, तुला त्यातलं कळत नाही." त्यांनी रिकामी बास्केट कमरेवर घेतली. "मग म्हटलं, कळून घेऊ."

त्या वेळी मला वाटलं, बोलायची एक पद्धत. तसं नव्हतं. काका ऑस्वीवर मराठीत ग्रंथ लिहीत होते, वह्यांत, फाउंटन पेनने. त्यांना देवनागरी टाइप करता येत नसे, ते काकू करत. चारशे पानं त्यांनी टाइप केली, आणि नावांची स्पेलिंगं तपासायला लायब्ररीतून मूळ पुस्तकं आणली, पूर्ण वाचली, परत केली, पुन्हा आणली. काकांना वाटे, ती फक्त टाइप करते.

मार्चमध्ये गावच्या लायब्ररीत काकांचं व्याख्यान ठरलं. ग्रंथ पुरा झाल्याचा सोहळाच होता तो. अकरा माणसं आली, त्यांतल्या तीन गोऱ्या बायका विणकामाचा वर्ग समजून आल्या होत्या आणि शिष्टाचार म्हणून विणत बसून राहिल्या. बाकी मंडळातले जुने लोक. त्यांच्यासाठी मराठीत आणि विणकामवाल्यांसाठी मधूनमधून इंग्रजीत, असं काका दीड तास बोलले. राजाचं बालपण, परागंदा होणं, भावाचं मुंडकं परत आणणं, लढाई, नवस, परिषद. शेवटी राजाला रोमला जायचं होतं, पण आजारी पडून तो वारला, त्याला व्हिटबीत पुरलं. "आपल्या गावात," काका म्हणाले आणि पाणी प्याले. टाळ्या झाल्या.

मागच्या रांगेत काकूंनी हात वर केला.

"अगं, प्रश्न शेवटी," काका म्हणाले.

"शेवटच आहे. राजा मेला की आत्ता तुमचा."

कोणीतरी हसलं. काकू उभ्या राहिल्या. पर्स दोन्ही हातांनी धरलेली.

"त्या ऑस्विनचं काय झालं?"

"कोण?"

"ऑस्विन. शेजारच्या राज्याचा राजा. राणीच्या माहेरचा माणूस. चारशे पानांत नाव नाही त्याचं, म्हणून विचारते."

काका म्हणाले, "तो गौण विषय आहे."

"मी सांगू का?" काकू म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न बघता सांगायला लागल्या. आवाज नेहमीचाच, भाजी काय करू असं विचारावं तसा. "उंच होता, देखणा होता. लोकांना फार आवडायचा. आपल्या राजाचं आणि त्याचं बिनसलं. दोघं फौजा घेऊन समोर आले. ऑस्विनने बघितलं, आपली माणसं कमी आहेत, उगाच मरतील. त्याने सगळ्यांना घरी पाठवलं आणि स्वतः एका विश्वासातल्या माणसाच्या घरी जाऊन राहिला. त्या माणसाने त्याला धरून दिलं. राजाने त्याला मारवलं. लढाईत नाही. घरात."

"ते राजकारण होतं," काका म्हणाले.

"हो ना. मग राणीने राजाकडून तिथेच जागा मागून घेतली आणि मठ बांधायला लावला. रोज प्रार्थना व्हायची तिथे. मेलेल्यासाठी पण आणि मारणाऱ्यासाठी पण." काकू थांबल्या. "एवढंच विचारायचं होतं, की त्या दिवशी बर्फ पडत होतं का हो?"

मंडळाची जुनी माणसं बुटांकडे बघायला लागली. त्यांतले चार जण त्या निवडणुकीत काकांसाठी हात वर करणारे होते. काकूंनी बोलताना खिडकीकडे हात केला होता, म्हणून विणकामवाल्यांपैकी एकीने विचारलं, "इज इट अबाउट द वेदर?" 

काकांनी प्रोजेक्टर बंद केला. पेनड्राइव्ह तिथेच राहिला, तो मी आणला.

तीन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही. थर्मोस्टॅटची पेटी उघडी होती, आणि मी तापमान बावीस केलं, तरी कोणाच्या लक्षात आलं नाही. चौथ्या दिवशी मला वर बोलावणं आलं. परिषदच होती, पण या वेळी काका टेबलाच्या टोकाला नव्हते, बाजूला बसले होते.

"मी विचार केलाय," ते म्हणाले. "समुद्राकाठच्या पार्कमध्ये दादाच्या नावाचा एक बाक देऊ. पितळी पाटीसकट."

"बाक मेलेल्यांच्या नावाने देतात इथे," काकू म्हणाल्या. "दादा जिवंत आहे."

"मग मंडळात त्याच्या नावाने वक्तृत्व स्पर्धा."

"फोन करा."

काका टेबलक्लॉथवरची एक सुरकुती बराच वेळ बोटाने सपाट करत होते. "फोनवरच तर खोटं बोललो," ते म्हणाले. "आता फोनवर खरं बोललेलं तो कशाला खरं धरेल?"

मी त्यांच्याकडे होते त्या सगळ्या काळात त्यांनी राजाचा आधार न घेता बोललेलं हे पहिलं वाक्य.

त्यानंतर दोन महिन्यांत मला व्हँकुव्हरशेजारच्या बर्नाबीत नोकरी मिळाली आणि मी व्हिटबी सोडलं. ऑगस्टमध्ये काकूंचा फोन आला, आम्ही येतोय, तुझ्याकडे राहू. माझा वन-बेडरूम कॉन्डो. काका सोफा-बेडवर, काकू माझ्या खोलीत. बर्नाबीहून कोक्विटलाम अर्ध्या तासावर. गाडीत काका मागे बसले होते, मांडीवर प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये चार पानं. भाषण. टाइप काकूंनीच केलेलं, मोठ्या अक्षरांत.

"काय लिहिलंय?" मी आरशातून विचारलं.

"पार्श्वभूमी आहे," काका म्हणाले.

दादांनी स्वतः दार उघडलं. ऐंशीच्या पुढचे, पण ताठ. काकूंना जवळ घेतलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि काकांना म्हणाले, "ये. बूट तिथे काढ." वीस वर्षांनंतर एवढंच. मुलगा-सून कामाला गेले होते. चहा झाला. काकांनी चष्मा बदलला, फोल्डर उघडलं आणि उभे राहून वाचायला सुरुवात केली. "सातव्या शतकातील नॉर्थम्ब्रियाची राजकीय परिस्थिती लक्षात घेता..."

दादा मान हलवत ऐकत होते. पहिलं पान गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या पानावर स्कार्बरो आलं, एकच कोट आला. चौथ्यावर हायवे आला, फोन आला, "वस्तुस्थितीशी विसंगत अशी माहिती देण्यात आली" असं वाक्य आलं. काका थांबले. 

"हे सभेचं बोलतोयस का तू?" दादांनी विचारलं.

"हो."

"अरे, मला माहीत होतं की."

"काय माहीत होतं?"

"सभा आहे ते. तुझा फोन आला तेव्हा मी बूट घालून तयार होतो. खिडकीतून बघितलं, लख्ख ऊन. समोरचा माणूस कोट न घालता पेपर उचलत होता. म्हटलं, ह्याला एवढं खोटं बोलावं लागतंय, तर घेऊ दे अध्यक्षपद. बूट काढले आणि झोपलो."

मला वाटलं, काका खाली बसतील, रडतील, पाय धरतील. काका संतापले. खरोखर लाल झाले.

"म्हणजे तुला ठाऊक होतं? आणि तू आला नाहीस? वीस वर्षं मी..." त्यांनी हातातली पानं हवेत हलवली. "मी जिंकलो होतो ना मग? की तेही नाही?"

"तुला इतकं हवं होतं, तर मागायचंस. मी दिलं असतं."

"मागून घेतलेलं मला नको होतं!"

 काका स्वतःच्याच वाक्याकडे बघत असल्यासारखे उभे होते. काकूंनी त्यांच्या हातातली पानं घेतली, नीट जुळवली, फोल्डरमध्ये घातली.

"चहा गार झाला तुमचा," त्या म्हणाल्या. "आणि मी राहतेय इथे. तुम्ही परतीच्या विमानाने जा."

"किती दिवस?"

"बघू. माहेर आहे."

काका एकटे व्हिटबीला गेले. मला रोज फोन येऊ लागले. भाताला तीन शिट्ट्या म्हणजे पहिली धरून की सोडून. वॉशरमध्ये साबण कुठून घालायचा. एक्सेलप्रमाणे आज एकादशी आहे, पण साबुदाणा किती तास भिजवतात ते एक्सेलमध्ये नाही. मी प्रत्येक वेळी काकूंना विचारून सांगे, आणि काकू प्रत्येक वेळी अर्धीच कृती सांगत.

दिवाळीच्या सुमारास मला एक ईमेल आली. ग्रंथाचं राहिलेलं प्रकरण. काकांनी स्वतः टाइप केलं होतं, एका बोटाने असावं, कारण काना-मात्रा वाटेल तिथे पडल्या होत्या. दोनच पानं. ऑस्विन, त्याने घरी पाठवलेली फौज, विश्वासातल्या माणसाचं घर, राजाचा हुकूम. सरळ लिहिलं होतं, 'राजकारण' हा शब्द एकदाही नव्हता. शेवटचं वाक्य असं होतं, की नंतर राजाने राणीजवळ आपली चूक कबूल करून माफी मागितली.

मी फोन केला. "काका, प्रकरण चांगलं झालंय. पण राजाने माफी मागितल्याचं कुठे लिहिलंय?"

"कुठे नाही," ते म्हणाले. "जागा दिली, मठ बांधला, एवढंच आहे. पण मागितली असेल ना?"

"तुम्ही मागितलीत?"

"मी? चार पानं उभं राहून वाचली की!"

"त्यात होता तो शब्द?"

पलीकडून फक्त कुकरचा आवाज आला. एक शिट्टी, मग दुसरी. मग ते म्हणाले, "ठेवतो. भात लागेल."

आठवड्याने मी कोक्विटलामला गेले. काकू आणि दादा पत्ते खेळत होते. मी म्हटलं, काकांचा काही फोन?

"रविवारी आला ना," काकू म्हणाल्या. "मला नाही, दादाला. दादाने उचलला. हे एकच वाक्य बोलले आणि फोन ठेवून दिला."

"काय म्हणाले?"

"काय की," दादा पत्ते लावत म्हणाले. "मला नीट ऐकू आलं नाही."

"मी म्हटलं, मी लावून देते परत," काकू म्हणाल्या. "तर म्हणाला, तू नको. लावू दे त्याला."

"मग लावला?"

"सोमवारी लावला. हा म्हणाला, ऐकू नाही आलं. मंगळवारी लावला. ऐकू नाही आलं. रोज लावतात आता, सकाळी नऊला. पहिल्या दिवशी पुटपुटले होते, आता चांगलं खणखणीत बोलतात. काल तर सुनेने वरच्या मजल्यावर ऐकलं."

मी दादांकडे बघितलं. स्वयंपाकघरात, दोन दारांपलीकडे, दूध वर येत असल्याचा बारीक आवाज झाला.

"दूध उतू जातंय," दादा पत्त्यांतून मान वर न करता म्हणाले.